आत दुमडलेलं कापड

टाचणीमास्तर हे नाव त्यांना गल्लीनं दिलं, आणि त्यांनीही ते अंगावर बसलेल्या सदऱ्यासारखं वागवलं. कापडाला हात घातला की ओठांत टाचण्यांची ओळ धरायची, ही त्यांची सवय. त्यात एक सोयही होती. उत्तर द्यायचं नसलेला प्रश्न आला की मास्तर आणखी दोन टाचण्या तोंडात घालत. "कपडे कधी मिळतील?" असं गिऱ्हाइकानं विचारलं तर नुसती मान हलवत. ती मान होय म्हणते का नाही, ते फक्त त्यांच्या बायकोला कळायचं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन मास्तरांचं, एक लेकीचं, मधे इस्त्रीचं टेबल आणि खाली चिंध्यांची टोपली. मागच्या खोलीत खिडकीशी बायको सकाळी डोळे मिटून बसे. देवाशी तिचं बोलणं मोठ्यानं चाले, शेजारणीशी भिंतीवरून बोलावं तसं. मास्तर मात्र देवाच्या वाटेला कधी गेले नाहीत. बायको प्रार्थनेला आत गेली की ते बाहेर सायकलला टेकून उभे राहत.

"आत या की हो. देव काही खात नाही तुम्हाला."

"तुझ्या देवानं माणसं शिवली ती माप न घेता," मास्तर म्हणत. "कुणाचे हात लांब, कुणाचं पोट सुटलेलं. असल्या कारागिराशी मी काय बोलायचं?"

त्यांचा विश्वास शिवणीवर. सैल कपडा नवी शिवण मारून आत घेतला की जास्तीचं कापड कापून टाकलंच पाहिजे, हा त्यांच्या दुकानाचा कायदा होता. लेकीनं एकदा आळसानं ते आत तसंच दुमडून ठेवलं, तर मास्तरांनी तो सदरा गिऱ्हाइकासमोर टराटरा उसवला. "डोळे मिटून शिवणीवरून बोट फिरव," ते तिला म्हणाले. "बोटाला काही लागलं, तर ते काम आपल्या दुकानाचं नाही."

अशा घरात बायकोला कॅन्सर निघाला. डाव्या छातीत. ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषधं सुरू झाली. औषधाचा दिवस गेला की ती भिंतीकडे तोंड करून पडून राही, जरा सावरली की पुढचा दिवस दारात उभा. केस गेले तेव्हा तिनं आरशात बघून, "आता तुमची नि माझी जोडी शोभते," असं म्हणत मास्तरांच्या टकलावरून हात फिरवला. प्रार्थना तिनं सोडली नाही. फक्त आवाज बारीक झाला.

हॉस्पिटलात जायचा तिचा कपडा ठरलेला होता. निळा सुती झगा, पुढून बटणांचा, मास्तरांनीच हौसेनं शिवलेला. तो आता तिच्या अंगावर लोंबू लागला. "नवीन शिवू या ना," लेक म्हणाली. पण नवीन शिवायचा म्हणजे माप घ्यायला हवं. मास्तरांना बायकोचं माप तोंडपाठ होतं, तिच्या अंगाला टेप लावायची वेळ लग्नापासून आली नव्हती. ती आता आणायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी अंदाजानंच बाजूला टाचण्या लावल्या आणि झगा आत घेतला.

"बाबा, जास्तीचं कापड कापायचं राहिलं," लेक म्हणाली.

मास्तरांनी तोंडात टाचण्या घातल्या.

झगा पुन्हा सैल झाला, पुन्हा आत घेतला. शिवणीला लागून शिवण पडत गेली, आत कापडाच्या घड्यांवर घड्या जमल्या. लेकीला सगळं कळत होतं. हे कापड आत आहे तोवर आई पुन्हा अंगानं भरेल, शिवणी उसवायच्या नि झगा पहिल्यासारखा करायचा, असा बाबांनी कुणाशी तरी करार केलाय. कुणाशी, ते विचारायची तिला हिंमत झाली नाही.

औषधं संपली आणि छातीला किरणांचे शेक सुरू झाले. त्या बाजूची कातडी आधी लाल झाली, मग काळवंडली. एका सकाळी तिथली नर्स बायकोच्या काखेखाली वाकून बघू लागली. मास्तर पडद्याबाहेरच उभे होते.

"इथं कातडी सोलवटायला आलीय. काय घासतंय इथं?" नर्सनं झग्याची शिवण चिमटीत धरली. "अगं बाई! ही शिवण आहे का दोरखंड? कुठल्या शिंप्याकडून शिवून घेतलंत?"

"आहे एक ओळखीतला," बायको म्हणाली.

"त्याला सांगा, दुसरा धंदा बघ. हे फुटलं तर शेक थांबवावे लागतील, आजी. मधेच थांबणं बरं नाही."

त्या दिवशी बायको रिक्षानं पुढं गेली आणि मास्तर सायकल हातात धरून मागून चालत आले. गल्लीत त्यांना कुणी हाक मारली तीही त्यांना ऐकू आली नाही.

घरी आल्यावर त्यांनी झगा उलटा करून टेबलावर पसरला. कातरी घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. बायको पांघरूण लपेटून लेकीच्या स्टुलावर येऊन बसली.

"दुखत होतं तर बोलली का नाहीस?" मास्तर म्हणाले.

"बोलले असते तर तुम्ही कापलं असतं. तुम्हाला ते हवं होतं ना आत."

मास्तरांचा हात टाचण्यांच्या डबीकडे गेला.

"डबी ठेवा खाली," ती म्हणाली. "आज तोंड मोकळं ठेवून बोला. कशाला राखलंत हे कापड?"

मशीनच्या चाकाकडे बघत मास्तर म्हणाले, "कापलं तर... परत लावता येत नाही."

"म्हणून एवढा जीव टांगून बसलात?" ती हसली, आणि हसताना तिनं बाजू हातानं दाबून धरली. "मला भाबडी म्हणता, आणि स्वतः माझ्या काखेत नवस बांधून ठेवलात! अहो, मी भरले तर देवाच्या घरी निळ्या कापडाचा दुष्काळ पडलाय का? तेव्हा नवीन शिवा. आज आहे त्या अंगाचं शिवा. माप घ्या."

ती उभी राहिली. हात बाजूला पसरले, डावा जेवढा उचलता येईल तेवढाच. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. छाती, कंबर, खांदा. त्यांनी आकडे मनात वाचले.

"मोठ्यानं," ती म्हणाली.

त्यांनी मोठ्यानं सांगितले. लेकीनं खडूनं ते टेबलाच्या कडेला लिहिले आणि लगेच तोंड फिरवलं.

"बरं," बायको म्हणाली. "मी रोज सकाळी देवाला हेच सांगते. त्याला यात नवं काही नाही. नवं आहे ते तुम्हाला."

मास्तरांनी सगळ्या शिवणी उसवल्या. जास्तीचं कापड कातरीखाली लांब पट्ट्यांनी सुटत गेलं आणि इतर चिंध्यांबरोबर टोपलीत पडलं. काखेखालची शिवण त्यांनी बाहेरच्या अंगाला काढून सपाट दाबली. शिवताना त्यांच्या ओठांत एकही टाचणी नव्हती, म्हणून की काय, ते मधेच नाक ओढत होते ते ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी नर्सनं झगा चाचपला. "आज बरी आहे शिवण. शिंपी बदललात?"

"शिंपी तोच," बायको म्हणाली. "डोकं ठिकाणावर आलं त्याचं."

ती हॉस्पिटलचा कपडा घालून शेकाच्या खोलीत गेली. जड दार बंद झालं. मास्तर नेहमी सायकलीपाशी जाऊन थांबत. आज ते तिथंच बाकावर बसले, झगा मांडीवर घेऊन. डोळे मिटले आणि काखेखालच्या शिवणीवरून अंगठा फिरवू लागले. टोकापर्यंत जायचा, परत यायचा. ओठ हलत होते. ते कालचे आकडे म्हणत होते, का दुसरं काही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शेजारी काठी घेतलेले एक म्हातारबाबा बसले होते. थोडा वेळ बघून त्यांनी विचारलं, "देवाचं चाललंय का?"

"नाही हो," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "शिवण बघतोय."

म्हातारबाबांनी मान हलवली. "बघा, बघा. माझा भाऊ आहे पलीकडच्या खोलीत. त्याच्यासाठीही बघा जरा."

मास्तरांचा अंगठा पुन्हा शिवणीच्या वरच्या टोकाशी गेला आणि हळूहळू खाली येऊ लागला.