पाटीवरची तिसरी ओळ
कापलेल्या गवताचा ओला वास आला की मला परळची ती बाग आठवते. गुडघे दुखायचे म्हणून आई रोज सकाळी तिथल्या हिरवळीवर पाय पसरून बसायची. एकदा वॉचमन शिट्टी फुंकत धावत आला. "आजी, पाटी वाचली नाय का? गवतावर चालू नये!" आई जागची हलली नाही. "वाचलंय. पण मी खंय चालतंय? मी तर बसलंय!" दुसऱ्या दिवशी पाटीवर खडूने 'बसू नये' वाढलं होतं. आईने ते मोठ्याने वाचलं, चपला उशाशी घेतल्या आणि खुशाल आडवी झाली. आता मी लेकीला घेऊन तिथे जाते. पाटी नवी आहे, पक्क्या रंगातली. तिसरी ओळ आहे 'झोपू नये'. मी लेकीला ऐटीत सांगते, "ही तुझ्या आजीची."