रुपेनीलाही शंभरच

आमचे हे, आपेनिसा, फिजीतल्या सावुसावू गावच्या एका लहानशा नेट कंपनीत बावीस वर्षं मेलचा सर्व्हर सांभाळतात. माणूस मऊ, पण कामात खडूस. कुणाच्या कॉम्प्युटरमधून स्पॅम सुटला की आधी त्याची लाइन तोडायची, मग फोन करून कारण सांगायचं, आणि मशीन साफ झाल्यावरच जोडायची. तासाला शंभराच्या वर मेल कुणालाच नाही. गेल्या वर्षी शाळेची लाइन तीन दिवस बंद ठेवली, तेव्हा हेडमास्तर मला बघून रस्ता बदलायचे.

सूट होती ती एकट्या रुपेनीला, यांच्या भाच्याला. त्याचं डायव्हिंगचं दुकान. "मामा, जाहिरातीचे दोन हजार मेल जायचेत. ती शंभराची आणि पासवर्डची कटकट माझ्यामागे नको." आमच्यात भाच्याने मागितलं की मामाने नाही म्हणायचं नसतं, मग ती होडी असो की डुक्कर. मी तेव्हाच म्हटलं होतं, "लाडोबा डोक्यावर बसेल." माझं ऐकतंय कोण?

मार्चमध्ये दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरचं कुणीतरी घुसलं आणि एका दुपारात चाळीस हजार खोटे मेल जगभर गेले. परदेशातल्या मेलवाल्यांनी आमचा अख्खा सर्व्हरच काळ्या यादीत टाकला. आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईंचा यांना फोन आला, "वाती नावाच्या पेशंटच्या गाठीचे रिपोर्ट बाहेरच्या डॉक्टरांकडे जातच नाहीत. सगळं परत येतंय. ऑपरेशनचं त्यांच्याशिवाय ठरत नाही."

यांनी त्याच मिनिटाला रुपेनीची लाइन तोडली. यादीवाल्यांनी विचारलं, कुणामुळे झालं आणि आता काय बदललंत? यांनी लिहिलं, "माझ्यामुळे. भाच्याला सूट दिली होती, ती काढली." तिसऱ्या दिवशी यादीतून नाव निघालं आणि वातीचे रिपोर्ट गेले.

शनिवारी आम्ही यंगोनाच्या, आमच्याकडच्या मानाच्या पेयाच्या, मुळांची जुडी घेऊन नणंदेकडे, रुपेनीच्या आई उनाइसीकडे, माफी मागायला गेलो. भाऊ-बहिणीने आमच्यात समोरासमोर बोलायचं नसतं, म्हणून बोलणं माझ्याकडे.

"वन्सं, न सांगता लाइन तोडली, यांचं चुकलं."

तिने जुडी घेतली, म्हणजे आमच्या रीतीने माफ केलं, आणि मांडीवर ठेवली. "वहिनी, झालं गेलं विसरले म्हणावं. लाइन जोडून दे, आणि पूर्वीसारखी सूटही दे म्हणावं. पोराचा सीझन बुडतोय."

मी यांच्याकडे पाहिलं. 'बघतो म्हणालेत' एवढं सांगून मी वेळ मारून नेणार होते. पण यांनी मान वर केली आणि सरळ बहिणीकडे बघितलं.

"नाही, उना. मशीन साफ झालंय, लाइन आज जोडतो. पण सगळ्यांना शंभर, त्यालाही शंभर."

चाळीस वर्षांत हे तिच्याशी पहिल्यांदा थेट बोलले. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला.

उनाइसीने मांडीवरची जुडी उचलली आणि माझ्या हातात परत दिली.