हरण्याची गाडी

तिसगावच्या माळावर अजिनाथची वस्ती. उभा जन्म त्यानं बैलगाडी हाकली. कारखान्यावर ऊस ओढताना आपल्या गाडीला कुणी मागं टाकलं नाही, असं तो स्वतःच सांगतो, आणि खोटं सांगत नाही. गुडघे गेले तसे बैल विकावे लागले. हरण्या नावाचा बैल दावणीवरून सुटला त्या दिवशी हा गडी जेवला नाही. पुढं कुणीतरी कारवानी कुत्र्याचं पिल्लू दिलं, तर त्याचंही नाव यानं हरण्याच ठेवलं.

आता कारवानी म्हणजे पळायची जात. एवढीशी कंबर, हे लांब पाय, आणि काम काय, तर दारात बसून राहा! कसं निभावं? शेजारच्या रामहरीच्या दोन कोंबड्या गेल्या. रामहरी दारात येऊन गरजला, "अजिनाथ, बाजाराच्या दिवसापतूर ह्याला कुठंतरी नेऊन सोड. न्हाईतर माझ्यावानी वाईट न्हाई!"

अजिनाथची बायको कडूबाई. तिनं रामहरीचीच री ओढली. "अवो, खर्ड्याकडचे धनगर मागत्यात तर देऊन टाका. रोज कुनाकुनाचं ऐकून घ्यायचं?" तिचं आणि कुत्र्याचं बोलणं एकाच शब्दाचं होतं. चुलीपाशी आला, हाड. सारवलेल्यावर बसला, हाड.

एक हरण्या गुडघ्यापायी गेला, आता दुसरा कोंबडीपायी जाणार होता.

तेवढ्यात नेवाशाला दिलेल्या लेकीनं, आरतीनं, मोबाईलवर व्हिडिओ धाडला. "अण्णा, कुत्र्याची बैलगाडी बघा!" परदेशातली कुत्री मातीच्या रस्त्यानं तीनचाकी ओढत होती आणि मागं माणूस उभा. अजिनाथनं तो इतक्यांदा पाहिला की कडूबाई म्हणाली, "पुरं करा, त्या कुत्र्यांना बी घेरी आली आसंल." पण याच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. कामाला लागला तर सुधरंल गडी!

बैलवाल्याची अक्कल, त्यानं आधी बेतलं ते जू. मानेवर आडवं. हरण्यानं पुढं ओढ घेतली तसा त्याचा गळा आवळला आणि तो खोकायला लागला. "हात्तिच्या, ह्याला वशिंड कुठं हाय!" अजिनाथनं कपाळाला हात लावला. मग दप्तराचे जुने पट्टे घेऊन छातीवरनं पाठीवर येईल असा साज शिवला, आतून घोंगडीचा तुकडा लावला. दोराचा हिसका बसू नये म्हणून मधी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला. तिसगावच्या सुनील वेल्डरनं जुन्या सायकलींच्या चाकांवर गाडी उभी केली आणि स्वतःचं हेल्मेट अजिनाथच्या डोक्यात घातलं. "डोकं फुटलं तर कडूमावशी मला धरंल," म्हणाला.

बाजाराच्या आदल्या दिवशी, ऊन तापायच्या आत, हरण्याला जुंपला. अजिनाथनं जीभ टाळ्याला लावून टकटक केलं, हुर्र केलं, चल राजा म्हणून झालं. हरण्या मागं बघून शेपूट हलवतोय! शेवटी वैतागून अजिनाथ ओरडला, "हाड!"

सुटला की हो! घरचा ओळखीचा शब्द, दुसरं काय. धुरळ्यात माळ मागं पडला आणि अजिनाथला कारखान्याची वाट आठवली, हसू आवरेना. मग समोर रामहरीचं अंगण दिसलं, अंगणात कोंबड्या, आणि अंगणापलीकडं बिनकठड्याची विहीर.

"होऽऽ हो! होऽऽ!" बैल असता तर जागच्या जागी थांबला असता. हा कशाला थांबतोय? अजिनाथचा पाय ब्रेक शोधायला लागला. ब्रेक होता कुठं? अहो, बैलगाडीला कधी ब्रेक असतो का? व्हिडिओत होता, पण यानं बघितली ती नुसती कुत्री.

कोंबड्या फडफडत उडाल्या. हरण्या मधून गेला, मान वळवली नाही. विहीर समोर आली.

विहिरीच्या अंगाला कडूबाई हंडा घेऊन येत होती. तिनं हंडा टाकला आणि जन्मात पहिल्यांदा त्या कुत्र्याला हाक मारली. "यू, यू, यू! हरन्या, यू माझ्या लेकरा!"

हरण्या जागच्या जागी वळला. गाडी उलटली, अजिनाथ बोरीच्या जाळीत गेला. कुत्रं कडूबाईच्या पायापाशी जाऊन जीभ काढून बसलं. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती ढसाढसा रडली.

रामहरी काठी घेऊन पळत आला. कोंबड्यांकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं. "एकीचं पीस बी न्हाई उपटलं गड्यानं," तो म्हणाला. मग जरा अवघडून, "बरं, उद्या सोडतोस न्हवं?"

जाळीत अडकलेला अजिनाथ काही बोलायच्या आत कडूबाई बोलली, "सोडायचा की. उद्या बी, परवा बी. रोज सकाळी, माळावर. अन् आमी बोलवला की माघारी येनार."

सुनीलनं नंतर ब्रेक बसवून दिला. बैल गेला नि झोपा केला, म्हणत अख्ख्या वस्तीनं अजिनाथची टर उडवली. त्याचं त्याला काही नाही. कडूबाई मात्र आता हरण्याला हाड म्हणत नाही. तो शब्द तिनं नवऱ्याला देऊन टाकला, साज बांधल्यावर म्हणायला.