शीतलच्या ओळखी

टँकरच्या रांगेत घागरी वाढत जातात, तसे घरात एखादी लई शिकली की किस्से वाढत जातात. सांगून टाकलेले बरे.

तर, अहमदपुरात एक आजी होती, ती मी. सही येत नाही, पण विसरत काही नाही. तिची एक नात होती, शीतल. हैदराबादला उंदरांच्या मेंदूवर पीएचडी करून बसलेली. आणि शीतलचा बाप, म्हणजे माझा लेक. तो म्हणून राहिला होता, "दिवाळीपर्यंत पुढची जागा मिळाली तर ठीक. न्हाई तर घरी ये, स्थळं बघतो." तळं आटलेलं. चौकात चर्चा एकच, नवा जिल्हा झाला तर कोणता तालुका कुठं जाणार. शीतल कुठं जाणार, हे कोणी विचारत नव्हतं.

*

सुट्टीत आली तर शेजारची शांताबाई हजर. "डोकं ठणकून राहिलंय, बघ जरा."

"मावशी, मी उंदरांच्या मेंदूचं बघते."

शांताबाई हलली नाही. "मग घरात लई झालेत, त्यांचं बघ."

*

शीतलच्या सरांनी बजावलं, ओळखी वाढव, त्याशिवाय जागा मिळत नाही. हिनं नावाची शंभर कार्डं छापली. महिन्यानं मी विचारलं, "किती वाटली?"

"दोन. एक तुला, एक एसटीच्या कंडक्टरला."

"त्याला कशाला?"

"त्यानं तिकिटाचे पैसे मागितले, घाईत हे हाती आलं."

*

मग मीच शिकवलं. रांगेत अनोळखी बाई भेटली तर आधी गाव विचारायचं, मग पाऊसपाणी, मग लेकरंबाळं, आणि शेवटी, "माझी घागर जरा पुढं घेता का?" शीतलनं बंगलोरच्या एका मोठ्या साहेबाला तसाच मेल लिहिला. उत्तर आलं, "इकडे पाऊस बरा आहे. मुलं मजेत."

"अन् जागेचं?"

"पहिल्याच मेलमध्ये कसं मागू, आजी?"

*

पुढं हैदराबादला मेंदूवाल्यांचा मेळावा भरला. शीतलनं आपल्या कामाचा मोठा कागद भिंतीला लावला आणि शेजारी उभी राहिली. पुण्याच्या एक मॅडम आल्या. अर्धा तास प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "माझ्या लॅबमध्ये एक जागा आहे. येतेस का?"

शीतल म्हणाली, "नको मॅडम, राहू द्या."

मॅडम "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या कागदाकडं गेल्या.

घरी येऊन रडली. बाप म्हणाला, "नको कशाला म्हणालीस?"

"पहिल्या खेपेला हो कसं म्हणू, बाबा?"

आमच्याकडं चहालासुद्धा दोनदा नको म्हणायचं असतं, तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचा. लगेच हो म्हणतो तो हावरा. हे तिला मीच शिकवलेलं.

*

म्हणून मॅडमना फोनही मीच केला. "बाई, मी शीतलची आजी. पोरीला यायचंय. पण आमच्याकडं तीनदा विचारतात, तुम्ही एकदाच विचारलंत. पुण्यात तशी पद्धत न्हाई म्हणतात, तुमचा दोष न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "जागा अजून आहे," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मेल आला. "येतेस का?" शीतल लिहायला लागली, तेवढ्यात मी तिचा हात धरला. "ही दुसरी खेप हाय. नको म्हण."

"आई, खामखा घोटाळा करू नको," लेक म्हणाला.

शीतलनं माझ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि लिहिलं, "नको मॅडम, कशाला तुम्हाला त्रास." लेक उठून अंगणात गेला.

चहा उकळायच्या आत तिसरा मेल आला. "येतेस का?"

शीतलनं लिहिलं, "एवढं म्हणताय तर येते."