येते आणि जाते

माझा धाकटा भाऊ शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवतो, त्याला एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत "माझं चुकलं" एवढं त्याच्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. मी त्याच्याच घरात राहते, शिवणकाम करते, त्यामुळे पुरावा हवा असेल तर मला विचारा.

त्या शनिवारी तो सामना हरून आला आणि हातपायही न धुता माझा बटणांचा डबा जेवणाच्या टेबलावर उपडा केला. मी ओरडले, पण ऐकतो कसला! त्याने चार पांढरी बटणं एका बाजूला मांडली, चार दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडे मध्ये एकेक मोठं काळं.

"ताई, नीट बघ. या दोन चाली. फरक सांग."

मी चष्मा लावून बघितलं. "हे कोटाचं आहे, ते स्वेटरचं."

"ताई!"

मग त्याने समजावलं. काळं बटण म्हणजे शिडी, त्याच्या संघातली सगळ्यात उंच मुलगी. दोन्ही चालींची सुरुवात एकच. चेंडू घेऊन कप्तान धावत येते, तिच्या मागे लागलेल्या पोरीच्या वाटेत शिडी भिंतीसारखी उभी राहते. त्यानंतर एका चालीत शिडी वळून बास्केटखाली पळते, दुसरीत मागे सरकून लांबच्या रेषेबाहेर थांबते. बस, एवढाच फरक. मला दोनदा सांगून कळला, तिसऱ्यांदा सांगितल्यावर मी पुन्हा गोंधळले.

पण त्या एवढ्याशा फरकात पोरीचं सगळं अडकलं होतं. निवड समितीच्या बाई मुद्दाम तिला बघायला आल्या होत्या. खेळाडूंच्या वसतिगृहात एकच जागा होती, राहणं, शिक्षण, सगळं त्यात. पुढच्या वर्षी शिडीचं वय उलटणार होतं. शेवटच्या मिनिटाला एका गुणाचा फरक होता. भाऊ ओरडला, "येते!" कप्तानने चेंडू बास्केटखाली फेकला आणि शिडी निघाली बाहेर. चेंडू कोणालाच न लागता थेट पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळला. बाईंनी वहीत लिहिलं, "सूचना पाळत नाही." ते याने त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"गाढव आहे कार्टी," भाऊ म्हणाला, पण आवाज पार उतरला होता.

"आधी 'चार' आणि 'पाच' ओरडायचास ना?"

"समोरच्या संघाला आकडे पाठ झालेत. म्हणून सकाळी पोरी बूट बांधत होत्या तेव्हा सांगितलं, आजपासून आकडे बंद, मी 'येते' नाहीतर 'जाते' ओरडेन. साधे शब्द आहेत, त्यात समजावायचं काय?"

"येते म्हणजे कुठे येते?"

"बास्केटकडे!"

"तू काय बास्केटमध्ये बसला होतास? तू कडेला उभा. तिथून बघितलं तर ती बास्केटकडे जाते."

मग मला आणखी एक सुचलं, आणि सुचलं तशी मीच चक्रावले. "मी घरातून निघताना काय म्हणते रे?"

"येते म्हणतेस."

"आणि म्हणून कुठे जाते?"

"बाहेर," तो म्हणाला आणि काळं बटण हातात घेऊन बसून राहिला.

त्याने एकेका पोरीला फोन लावला. पाचजणींपैकी तिघींच्या मते 'येते' म्हणजे आत, दोघींच्या मते बाहेर. शिडी रडतच होती. म्हणाली, "सर, आमच्या घरी निघताना जाते म्हटलं की आई पाठीत धपाटा घालते." या माणसाने कपाळाला हात लावला. त्याने स्वतः तेच दोन शब्द चारदा उलटसुलट म्हणून बघितले आणि शेवटी मलाच विचारलं, "ताई, मला नक्की काय म्हणायचं होतं गं?"

"ते मला नको विचारूस. त्या बाईंना जाऊन सांग."

सोमवारी गेला बिचारा. काय बोलला ते मला सांगितलं नाही, पण परत आला तेव्हा शर्ट घामाने भिजला होता. बाईंनी शिडीला पुन्हा बघायचं कबूल केलं, गुरुवारी सकाळी सातला. अट एकच, प्रशिक्षकाने मैदानात पाऊल ठेवायचं नाही.

म्हणून गुरुवारी भाऊ कुंपणाच्या भिंतीबाहेर उभा आणि मी फाटकात.

"काय चाललंय?" तो भिंतीपलीकडून विचारी.

"शिडीची भिंत झाली. आता ती वळली."

"कुणीकडे?"

"अरे, इकडे!"

"इकडे म्हणजे कुणाच्या इकडे?"

माझं डोकं फिरलं. "मला नाही कळत! चेंडू आत पडला एवढं दिसलं. आता गप्प बस."

तो खरंच गप्प बसला. मला त्याची दया आली. जन्मभर कडेला उभं राहून ओरडण्यात गेलेला माणूस, आणि आज नुसते चेंडूचे आवाज मोजत होता.

वीस मिनिटांनी शिडी आली. माझ्याकडे बघितलंही नाही, तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. धाप लागली होती.

"सर, घेतलं मला."

त्याने आधी काय विचारावं? "कुठली चाल केलीस?"

"दोन्ही. कधी आत, कधी बाहेर."

"हाक कोण देत होतं? बाई?"

"नाही सर. त्या म्हणाल्या, तुझं तू ठरव. मीच ओरडत होते."

एकतीस वर्षांत त्याने एकाही पोरीला स्वतःची हाक स्वतः देऊ दिली नव्हती. त्याने गळ्यातली शिट्टी काढली, खिशात टाकली, आणि म्हणाला, "काय ओरडलीस, ते मला शिकव."