नाथाजी हवालदाराचा कित्ता

कुंडलच्या पलीकडच्या वाडीत नाथाजी हवालदार राहायचा आणि त्याला जगातलं कुणीही पसंत नव्हतं. सरपंच अडाणी, तलाठी आळशी, धाकट्या भावाचा ऊस किडका आणि सुनेच्या हातचा चहा पाणचट. फौजेतून पेन्शनीवर आल्यापासून सोप्यात खुर्ची टाकून बसायचं आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकात काहीतरी खोट काढायची, एवढाच त्याचा उद्योग. लोकही त्याला फार किंमत देत नसत, पण तोंडावर "हवालदार, हवालदार" करत. ते त्याला पुरायचं.

गावात त्यानं उठवून दिलं होतं की पलटणीत नव्या पोरांना तोच शिकवायचा. खरं म्हणाल तर त्याची सगळी नोकरी कोठारात गेली. पोती, पेट्या आणि तेलाचे डबे यांच्यावर नावं घालायची, हे त्याचं काम. मात्र एक कबूल करायला हवं, की माणसाचं अक्षर सुरेख होतं. टपोरं, गोल, वर दोरी धरून मारल्यासारखी सरळ रेघ. एका साहेबानं म्हणे त्यानं नाव घातलेली पेटी फिरवून बाकीच्यांना दाखवली होती. आयुष्यात मिळालेली ती एकच शाबासकी, आणि तिच्यावर तो पुढं जन्मभर जगला. वाडीतल्या भांड्यांवर, लग्नाच्या मांडवावर, पिठाच्या गिरणीवर त्याचंच अक्षर असायचं, आणि ते वाचता न येणारेसुद्धा मान डोलवून पुढं जायचे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली असतील. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा लावायला आपल्यालाच बोलावणार, असं धरून नाथाजीनं आदल्या दिवशी पदकं चिंचेनं घासली. शाळेचे हेडमास्तर दिलावर गुरुजी सायकलवरून समोरून गेले, हसून रामराम केला आणि थेट सरपंचाच्या घरी गेले. झेंडा सरपंचानं लावला, तोही आधी उलटा बांधून. नाथाजी पदकं लावून घरातच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं नात राही आणि बालवाडीत जाणारा नातू गुंडा, दोघांचीही दप्तरं खुंटीला अडकवली.

"ह्या शाळंत देव न्हाई," त्यानं जाहीर केलं. "माजी नातवंडं घरात शिकतील."

देव नंतर आला. आधी अपमान आला होता. हे सगळ्या वाडीला कळत होतं, पण बोलणार कोण? पोरांचा बाप अर्जुना फौजेत, दूर सरहद्दीवर. आई बनुबाई चौथी शिकलेली, पण सासऱ्यापुढं तिचा आवाज उंबऱ्याबाहेर जात नसे. आपली पोरगी आपल्यासारखी चौथीवर अडकू नये, एवढीच तिची इच्छा होती, आणि आता तर पहिलीतच सगळं थांबलं होतं.

नाथाजीनं एक फळी काळी रंगवून सोप्यात टांगली आणि शाळा सुरू झाली. पद्धत त्याची स्वतःची. घरचा देव पालीचा खंडोबा, तेव्हा सगळे विषय त्या एका देवातून काढायचे. खंडोबाचा घोडा आला की शास्त्र: घोडा काय खातो, किती वर्षं जगतो. भंडारा आला की हळद, आणि हळद आली की सांगलीची पेठ, म्हणजे व्यापार. देवळापाशी तारळी नदी, ती कृष्णेला मिळते, कृष्णा कराडवरून सांगलीला जाते, म्हणजे भूगोल. सांगलीच्या पुढं कृष्णा कुठं जाते, असं राहीनं विचारलं, तेव्हा "देवाकडं" असं उत्तर मिळालं आणि भूगोल तिथंच संपला.

गणिताचं तर बघायलाच नको. "मणी आन् मल्ल, दोन दैत्य. देवानं दोगांस्नी पाडलं. ऱ्हायलं किती?"

"एक," गुंडा म्हणाला.

"एक कसा रं, गाढवा?"

"मणीनं माफी मागितली न्हवं? त्यो देवापाशीच हाय की."

सगळ्या सोप्यात तेवढं एकच पोर विचार करत होतं, आणि त्याच्याच पाठीत धपाटा बसला.

पण नाथाजीचा खरा भर होता कित्त्यावर. रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून तो फळीवर एक ओळ लिहायचा. ओळ त्याचीच जुळवलेली असायची: "खंडेराय धनी, आम्ही त्याचे चाकर", किंवा "खरे बोलावे, देवाला भ्यावे". मग पोरांनी ती पाटी भरेपर्यंत उतरवायची. नियम एकच.

"जसं हाय तसं उतरायचं. डोकं चालवायचं न्हाई."

सुरुवातीला राहीचं काही जमेना. पहिलीत गुरुजींनी घोटून घेतलेली तिची साधी, सरळ अक्षरं पाटीवर यायची. नाथाजी ती ओल्या फडक्यानं पुसून टाकायचा. "हे शाळंचं वळण. माज्या अक्षरावानी आलं पायजे. फळीकडं बघ!" कधी पट्टी बसायची, कधी जेवण उशिरा मिळायचं. पोरगी रडली, पुन्हा बसली, आणि चारसहा महिन्यांत तिच्या पाटीवर आजोबांचं अक्षर अगदी हुबेहूब उतरायला लागलं. गुंडा तिचं बघून शिकला. शेजारचा तात्याबा सकाळी फुकटच्या चहाला यायचा आणि पाटी उलटीसुलटी धरून म्हणायचा, "छापल्यावानी, हवालदार! छापल्यावानी!" त्याला अक्षरओळख नव्हती. नाथाजीला ह्या जगात तेवढाच एक शहाणा माणूस वाटायचा.

चहाचं एक सांगायला हवं. फौजेतून नाथाजी कपबशीची सवय घेऊन आला होता. पेल्यात चहा पिणारी माणसं त्याच्या मते रानटी. पण गेली काही वर्षं त्याच्या हातात कप आला की बशी वाजायची, आणि चहा बशीत, बशीतून धोतरावर यायचा. दोष अर्थातच बनुबाईचा. "बाजारातनं काय हलकी भांडी आणतीस! बूड सरळ न्हाई कपाला." तिनं तीनदा कप बदलले. तालुक्याच्या कचेरीत पेन्शन घ्यायला गेला, तर कारकून म्हणाला सही जुळत नाही, पुन्हा करा. नाथाजीनं त्याला चारचौघांत विचारलं, डोळं तपासून घेतलंत का कवा? आणि एकदा बनुबाईच पाटीकडं बघून चाचरत म्हणाली, "मामंजी, अक्षर हालल्यागत दिसतंय का वं?"

"अक्षर न्हाई, तुजं टकुरं हालतंय," नाथाजी म्हणाला. ती पुन्हा बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात अर्जुना सुट्टीवर आला. बनुबाईनं त्याच्यापुढं काय मांडलं ते तिलाच ठाऊक, पण रजा निम्मी सरली तसा तो बापासमोर उभा राहिला. "आबा, जूनमदी शाळा उघडली की पोरांस्नी गुरुजींफुडं बशिवतो. राही तिसरीत बसण्याजोगी हाय असं त्ये म्हनलं, तर ऱ्हाऊ द्या घरात. न्हाईतर दोगं शाळंत जात्याल."

"बशीव," नाथाजी म्हणाला. "त्या सायकलवाल्या मास्तराला पण कळू दे अक्षर कशाला म्हंत्यात."

शाळा उघडली त्या दिवशी त्यानं पुन्हा पदकं घासली. शाळेच्या ओट्यावर तो चढला तेव्हा त्याची मान अशी ताठ होती, जणू राहिलेला झेंडा आज लावायचा आहे. पाठोपाठ अर्जुना आणि पोरं. तात्याबाही आला होता, गंमत बघायला. दिलावर गुरुजींनी तिसरीच्या वर्गात नेऊन खुर्ची दिली, पाणी दिलं आणि राहीला जवळ बोलावलं.

गुरुजी माणूस सरळ होता. राहीनं पुस्तकातलं पान अडखळत, पण वाचलं. बेरीज केली, वजाबाकी केली. नद्या विचारल्यावर तारळी आणि कृष्णा सांगितल्या. गुरुजी म्हणाले, "बरं आहे. पोरगी हुशार आहे." नाथाजीनं अर्जुनाकडं असं बघितलं, की अर्जुनानं नजर खाली घातली. मग गुरुजींनी दोघांनाही पाट्या घ्यायला सांगितल्या आणि एक साधं वाक्य सांगितलं: आमच्या विहिरीला पाणी गोड आहे.

दोघांनी लिहिलं. गुरुजींनी राहीची पाटी घेतली, बघितली, दाराशी उजेडात नेऊन पुन्हा बघितली. मग गुंडाची घेतली. आणि राहीच्या कपाळाला हात लावला.

"बाळ, बरं नाही का तुला? हात दुखतोय?"

"न्हाई, गुरुजी."

पाटीवरचं एकही अक्षर स्थिर नव्हतं. वरची रेघ निघतानाच तीन गचके खात होती, काने गांडुळासारखे वळवळत होते, आणि दोन्ही पाट्यांवर ते गचके अगदी त्याच त्याच जागी होते. म्हाताऱ्या माणसाच्या हातचं अक्षर आठ आणि सहा वर्षांच्या पोरांनी लिहिलं होतं.

"मास्तर, अक्षरात खोट काढताय?" नाथाजी उठला. "जन्मात बगितलंय का असलं अक्षर? थांबा, ह्याचं मूळ दावतो." त्यानं खडू उचलला आणि शाळेच्या फळ्यावर, तिसरीच्या सगळ्या वर्गासमोर लिहिलं: खंडेराय धनी. रेघ गचके खात गेली. मागं एक पोरगं फिसकन हसलं. गुरुजींनी त्याला दटावलं, पण हसू ऐकू गेलंच.

नाथाजीनं वळून फळ्याकडं बघितलं. "खडू वला हाय," तो म्हणाला. दुसरा घेतला. पुन्हा तेच.

गुरुजींनी राहीच्या हातात खडू दिला. "राही, मला नुसती एक रेघ ओढून दाखव. सरळ."

राहीनं फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली. पट्टी धरून काढावी तशी सरळ.

"अगं, मग अक्षराची रेघ अशी का काढलीस?"

"अक्षराची रेघ तशीच असती, गुरुजी," राही म्हणाली. गुरुजींना एवढंही कसं ठाऊक नाही, याचंच तिला नवल वाटत होतं. "आबा काढत्यात तशी. आदी मला लय अवघड जायाचं. चुकून सरळ यायाची, मग आबा पुसायचं. आता न्हाई चुकत."

वर्गात कुणी हसलं नाही. तात्याबा तेवढा मान डोलवत होता. त्याला अजून सगळं छापल्यासारखंच दिसत होतं. अर्जुना बापाच्या हाताकडं बघत होता, आणि तो हात नाथाजीनं धोतराच्या सोग्यात धरून ठेवला होता. कारकून, कपबशी, सुनेचं टकुरं, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. आयुष्यभर दुसऱ्याची खोट काढणाऱ्या त्या माणसाला लाज वाटली, अगदी घाम फुटेपर्यंत. सगळ्या गावाला हिणवताना ज्या एका गोष्टीच्या जोरावर तो उभा होता, ती कधीच गेली होती. आणि जाताना त्यानं ती पट्टीनं मारून मारून नातवंडांच्या हातात घातली होती.

पोरं शाळेतच राहिली. अर्जुनानं नावं घातली. नाथाजी एकटाच घरी आला, पदकं काढून ट्रंकेत टाकली आणि सोप्यात त्या काळ्या फळीकडं पाठ करून बसला.

संध्याकाळी राही आली आणि तिनं सवयीनं पाटी आजोबांसमोर धरली. गुरुजींनी सरळ लिहायला लावलं होतं. काही अक्षरं सरळ होती, काहींना अजून गचके होते. ओलं फडकं जवळच पडलं होतं. नाथाजीनं गचके खाल्लेल्या एका अक्षरावर बोट ठेवलं.

"हे पूस," तो म्हणाला. "हे चुकलंय."

राहीला काही समजलं नाही. तिनं ते पुसलं आणि आत पळाली.

तेवढ्यात बनुबाई नेहमीसारखा कपबशीत चहा घेऊन आली. तिला शाळेतलं सगळं कळलं होतं, आणि आता तोंडातून चार शब्द बाहेर पडायला काहीच हरकत नव्हती. एवढ्या दिवसांचं साचलेलं होतं. नाथाजीनं कपाकडं बघितलं, पण हात पुढं केला नाही.

"पेल्यात आण," तो खाली बघत म्हणाला. "अर्दाच. बशी नगं."

बनुबाईनं आत जाऊन चहा पेल्यात ओतला, कपबशी धुतली, पुसली आणि फडताळात अगदी वरच्या फळीवर ठेवून दिली.