पत्रकातलं आभाळ

किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्याने लेन्सच्या आधी एक चांगलं फडकं विकत घ्यावं. खाऱ्या वाऱ्याने काचेवर थर बसतो, तो कोरडा पुसला तर मिठाचे कण घासून ओरखडे उठतात. फडकं गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, हलक्या हाताने टिपायचं, मग कोरडं करायचं. वाऱ्यात उभं राहून लेन्स बदलायची नाही. घरी आल्यावर ट्रायपॉडचा प्रत्येक सांधा उघडून धुवायचा. हे सगळं मी लग्नाआधीचे फोटो काढता काढता शिकले. अलिबागच्या आसपासच्या वाळूवर हातात हात घालून धावणारी कितीतरी जोडपी माझ्याकडे साठलेली आहेत. फोटो कशासाठी काढायचा, हे मात्र त्यांच्याकडून कळलं नाही.

मी पत्रकांवर वाढले. बाबा खाडीकाठच्या गावांसाठी पत्रकं लिहायचे, अजून लिहितात. जमीन, हक्क, निषेध हे शब्द मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकले. त्या पत्रकांवरचे फोटो काळेकुट्ट असत. वळलेल्या मुठी आणि मागे गडद आभाळ. मोर्चाच्या दिवशी ढग येतातच, अशी माझी लहानपणी समजूत होती.

आत्याचं शेत रेवसच्या बाजूला आहे, खाडीला लागून. खाडी आणि भात यांच्यामध्ये एक मातीचा बांध, एवढाच काय तो आधार. आश्विन पौर्णिमेच्या उधाणात तो बांध फुटला. अशा फुटलेल्या जागेला आमच्याकडे खांड म्हणतात. खांड वेळेत बुजवली नाही तर दर भरतीला खारं पाणी आत येतं, चिखलात तिवरं, म्हणजे खारफुटी, रुजतात, आणि एकदा तिवरं उभी राहिली की कायद्याने ती तोडता येत नाहीत. शेत कायमचं जातं. कापणीला आलेलं भात तर गेलंच होतं. आता जमीन राहते की नाही, एवढंच उरलं होतं. बांध उधाणाने फुटला असं पंचनाम्यात आलं तर तो सरकारी खर्चाने दगडाचा होणार होता. परतीच्या पावसाचं पाणी साचलं असं आलं तर काहीच होणार नव्हतं.

मी पोचले तेव्हा ओहोटी होती. आत्या बांधावर बसली होती. सवयीने मी आधी तिच्यावरच कॅमेरा रोखला.

“माजा त्वांड कनाला काढतंस, बाय?” ती म्हणाली. “पानी काढ. न् जमला तर बादलीनं काढ.”

ती हसली नाही. मीही हसले नाही, पण कॅमेरा फिरवला.

पाणी खारं आहे की पावसाचं, हे फोटोत दाखवणार कसं? दोन्ही सारखीच दिसतात. त्यातून माझ्या लेन्सवर पाण्याची चमक मारणारा पोलरायझर फिल्टर होता. समुद्रावरच्या जोडप्यांसाठी तो चांगला, रंग खुलतात. इथे पडद्यावर पाहिलं तर चमकीबरोबर पाणीच नाहीसं झालेलं. दिसत होतं नुसतं आडवं झालेलं भात. फिल्टर काढून पिशवीत टाकला.

मग सुचलं की पावसाचं पाणी भरतीबरोबर चढत नाही. चिखलात ट्रायपॉड खचतो, म्हणून तिन्ही पायांखाली चपटे दगड दिले. फोकस आणि एक्स्पोजर हाताने ठरवून तिथेच कायम केले, म्हणजे फोटोत फक्त पाणी बदलेल, उजेडाचा हिशेब नाही. चौकटीत खांड घेतली, शेतातला एक खांब घेतला आणि वर भरपूर आभाळ घेतलं. ते आभाळ अगदी कंटाळवाणं होतं, ऑक्टोबरच्या उन्हातलं कोरं निळं. एरवी मी ते कापून टाकलं असतं. पण पाऊस नव्हता हे सांगणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं. दुपारच्या भरतीपर्यंत मी तो ट्रायपॉड हलवला नाही. खांबावर पाणी चढत गेलं, तसतसं बटण दाबत राहिले. पाणी उतरल्यावर गावकऱ्यांनी माती आणि गोणी टाकून खांड बुजवली. ती बुजवायलाच हवी होती, पण त्याबरोबर डोळ्यांनी बघण्याचा पुरावाही बुजला. उरलं माझ्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड.

संध्याकाळी बाबांनी पत्रकासाठी एक फोटो मागितला. मी पाठवला. दुसऱ्या दिवशी पत्रक हातात आलं आणि माझं डोकं फिरलं. तोच फोटो काळापांढरा केलेला, आभाळ गडद करून त्यात ढग भरलेले. वर ठळक मथळा, समुद्र शेतात घुसला.

आमचं कडाक्याचं भांडण झालं. बाबांचं म्हणणं, पत्रक म्हणजे पुरावा नव्हे, हाक आहे, माणूस वाचायला थांबला पाहिजे. मी म्हणाले की आयुष्यभर तुम्ही सरकारच्या खोट्या नकाशांवर लिहिलंत, आणि आता स्वतः खोटे ढग काढता. ते उठून पत्रकांचा गठ्ठा बांधायला लागले. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही.

पंचनाम्याला तहसील कचेरीतले साहेब आले ते ओहोटीला. शेतात चिखल आणि काळं पडत चाललेलं भात. पाण्याची चव बघा, असं कोणीतरी म्हणालं. खाजणातली, खाडी अडवून काढलेली जमीन मुळात खारीच, चवीने काय कळणार, असं ते शांतपणे म्हणाले. मग त्यांनी खिशातून पत्रक काढलं. कोणीतरी त्यांना फाट्यावरच दिलं होतं.

“हे तुमचंच ना?” त्यांनी विचारलं. “यात तर पाऊस भरून आलाय.”

आत्याने बाबांकडे पाहिलं. मी कॅमेरा पुढे केला आणि एकेक फोटो सरकवत गेले. तोच खांब, तीच खांड, चढणारं पाणी, वर स्वच्छ निळं आभाळ. साहेबांनी पडदा उन्हाआड धरून सगळे पाहिले, पुन्हा मागे जाऊन पाहिले. मग पत्रक शेजारी धरलं.

“यातलं खरं कुठलं?”

मी उत्तर द्यायच्या आधी बाबा बोलले. “तिचं. पत्रकातलं आभाळ मी केलंय.”

एवढी माणसं उभी होती, सगळी त्यांची पत्रकं वाचून मोठी झालेली. साहेबांनी माझ्याकडून कार्डातल्या मूळ फाइली मागून घेतल्या, गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून लिहिलं आणि वाचून दाखवलं. उधाणाचे पाणी बांध फुटून आत शिरले.

बांध अजून मातीचाच आहे. काम मंजूर झालंय एवढंच कळलं, आणि दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आत्या तिथे जाऊन उभी राहते. बाबांनी दुसरं पत्रक काढलं. फोटो माझा, जसाच्या तसा. साध्या कागदावर काळ्या शाईत निळं आभाळ उमटलंच नाही, वर नुसती पांढरी जागा राहिली. तिथे काही लिहू का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी नको म्हटलं.

आत्याला वाचता येत नाही. तिने कागद लांब धरून बराच वेळ पाहिला.

“आभाल कोरडा हाय,” ती म्हणाली, आणि घडी घालून कनवटीला खोचला.